सोलापूरच्या उन्हात चहाची आणि फोडणीची पानं

मंडईतून पुदिन्याची जुडी आणली की चार काड्या चटणीत जातात आणि बाकीची फ्रिजमध्ये काळी पडते. गवती चहाचं तेच, कढीपत्त्याचंही तेच. ही पानं लागतात रोज, पण लागतात चिमूटभर. अशी वस्तू विकत आणण्यापेक्षा दारात असावी हे सगळ्यांना पटतं. अडतं ते पुढे. हौसेनं आणलेली रोपं एप्रिल-मेमध्ये वाळतात आणि 'आपल्याकडे काही येत नाही' असं म्हणून कुंड्या माळ्यावर जातात. येतं, सगळं येतं. फक्त सोलापूरचं वेळापत्रक वेगळं आहे आणि सावलीचा हिशेब इथे पाण्याच्या आधी करावा लागतो.

आधी वेळापत्रक. बहुतेक सल्ल्यांत 'जूनमध्ये लागवड करा' असं असतं. कोकणात, मावळात ते बरोबर. आपल्याकडे जून-जुलै म्हणजे नुसता वारा, वरून जाणारे ढग आणि अधूनमधून शिडकावा. पावसाचा खरा जोर सप्टेंबरात. म्हणून नवख्यानं गणपतीपासून दसऱ्यापर्यंतच्या दिवसांत सुरुवात करावी. हवेत ओल असते, ऊन सोसवेल इतकं असतं आणि पुढे फेब्रुवारीपर्यंत मुळांना पसरायला निवांत वेळ मिळतो. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरेपर्यंत रोप अंगानं भरलेलं असलं, तर ते पुढचा उन्हाळा काढतं. फेब्रुवारीच्या शेवटी हौस आली तर कुंड्या, माती जमवा, रोपं मात्र आणू नका.

जागा कुठली

घराभोवती एकदा सकाळी नऊला आणि एकदा दुपारी तीनला फिरून या. सकाळी ऊन आणि दुपारी सावली असलेली जागा पहिल्या नंबरची. पूर्वेची गॅलरी असेल तर तुम्ही नशीबवान. पश्चिमेची भिंत सगळ्यात वाईट, कारण ती दुपारभर तापते आणि रात्री नऊपर्यंत झाडांवर उष्णता सोडत राहते.

दक्षिणेच्या गॅलरीला लोक उगाच घाबरतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा तिथे भरपूर ऊन येतं. मेच्या मध्याला तो सोलापूरच्या जवळजवळ डोक्यावर येतो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब आपोआप सावली धरतो. उलट जूनमध्ये सूर्य थोडा उत्तरेला सरकतो, त्यामुळे एरवी सावलीत असणाऱ्या उत्तरेच्या गॅलरीत ऐन उन्हाळ्याच्या शेवटी तिरकं ऊन घुसतं. कुंड्या तिथे असतील तर तेवढे दिवस भिंतीशी सरकवायच्या.

गच्चीच असेल तर कुंडी कधीही थेट स्लॅबवर ठेवू नका. खाली चार विटा किंवा लोखंडी स्टँड हवाच. मे महिन्यात स्लॅबवर आपला तळपाय टेकत नाही, तिथे मुळांनी काय करावं? जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या धाब्याच्या घरांत हा त्रास कमी असतो, पण माळवदावर कुंड्यांचं वजन आणि पाण्याची ओल दोन्ही नको. तिथे अंगणच बरं.

कुंडी आणि माती

मातीची कुंडी दिसायला छान आणि मुळांना गार, पण तिच्यातलं पाणी लवकर उडतं. प्लास्टिकच्या कुंडीत पाणी टिकतं, पण ती तापते. आपल्याकडे मी प्लास्टिकच्या बाजूनं आहे, पण काळी नको. रंगकाम करणाऱ्यांकडून वीस लिटरच्या पांढऱ्या बादल्या स्वस्तात मिळतात. त्या घासून धुवून तळाला पाच-सहा भोकं पाडली की गवती चहाला यापेक्षा चांगलं घर नाही. तेलाचा पत्र्याचा डबा वापरायचा असेल तर बाहेरून गोणपाट गुंडाळा, नाहीतर पत्रा मुळं भाजून काढेल. असलेल्या काळ्या कुंड्यांना चुन्याचा हात दिला तरी बराच फरक पडतो.

मातीत खरी गोम आहे. आपली काळी माती ज्वारीला सोनं, पण कुंडीत नुसती भरली तर पावसात तिचा चिखल होतो आणि उन्हात ती कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी फटीतून सरळ खाली जातं आणि आतला गोळा कोरडाच राहतो. वर पाणी घातल्याबरोबर खालून गळायला लागलं, तर समजा हेच होतंय. म्हणून तीन सारखे हिस्से करा आणि काळी माती त्यातला एकच घ्या. दुसरा हिस्सा पूर्ण कुजलेलं शेणखत: ते हाताला भुसभुशीत लागलं पाहिजे आणि त्याला शेणाचा वास येता कामा नये. तिसरा हिस्सा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाडसर वाळू मिळून. मूठभर निंबोळी पेंड मिसळली की हुमणी आणि मुळाच्या किडींची काळजी कमी. भोकांवर खापराचे तुकडे ठेवून मग भरा आणि वर दोन इंच जागा मोकळी सोडा.

त्या दोन इंचांत घालायची वस्तू सोलापुरात घरोघरी निघते: भुईमुगाच्या शेंगांची टरफलं. चटणीसाठी शेंगा फोडल्या की टरफलं कचऱ्यात न टाकता कुंडीत मातीवर पसरा. ऊन थेट मातीला लागत नाही, ओल टिकते आणि वर्षभरात ती कुजून खत होतात. मीठ लावून भाजलेल्या शेंगांची तेवढी घेऊ नका. शेताकडून उसाचं पाचट मिळालं तर तेही चालतं.

पाणी

नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बाग म्हटली की घरातलं कुणीतरी कपाळाला आठ्या घालतं. पण दहा-बारा कुंड्यांना लागणारं बरंचसं पाणी स्वयंपाकघरातच तयार होतं. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी निवडून धुतलेलं पाणी सरळ कुंडीत जाऊ द्या. साबणाचं, मिठाचं, तेलकट पाणी नको. आरओ फिल्टरमधून बाहेर फेकलं जाणारं पाणीही रोज घालू नका. त्यात गाळून काढलेले क्षार उतरलेले असतात. फरशी पुसायला ते उत्तम.

बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. काही महिन्यांत कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसायला लागतो. तो दिसला की थर खरवडून काढा. पावसाळ्यात कुंड्या एक-दोन चांगल्या पावसांत उघड्यावर राहू द्या, म्हणजे क्षार धुऊन जातील.

पाणी घालण्याआधी बोट मातीत दोन पेरं खुपसून पाहा. ओलं लागलं तर घालू नका. पान मलूल दिसलं म्हणून दुपारी पाणी ओतण्याची सवय फार वाईट. ऐन दुपारी पुदिना पान पाडतोच, संध्याकाळी पुन्हा उभा राहतो. नाही उभा राहिला तरच तो तहानलेला. पाणी सकाळी लवकर द्या. कडक उन्हाळ्यात संध्याकाळी दुसऱ्यांदा.

कोणतं रोप आधी

पहिलं पानओवा, ज्याला आपण ओव्याचं पान म्हणतो. जाड, लवदार, दाबलं की ओव्याचा वास. मसाल्यातल्या ओव्याचं झाड ते हे नव्हे. हे वेगळंच रोप. शेजाऱ्यांकडून वीतभर फांदी मागा, खालची पानं काढा, एक दिवस सावलीत ठेवून मातीत खोचा. बस. पाणी जास्त झालं तर सडतं, विसरलात तर जगतं. नवख्याला धीर देणारं यासारखं दुसरं झाड नाही.

दुसरा गवती चहा. बियांच्या भानगडीत पडू नका, मुळासकट ठोंब हवा. कुणाच्याही जुन्या बेटातून दोन-तीन ठोंब सहज निघतात. मंडईतल्या जुडीत कधी कधी खालचा पांढरट कांडा शाबूत असतो. तो दोन बोटं पाण्यात उभा करून ठेवला तर मुळं धरतो. नुसत्या कापलेल्या पातींना मुळं फुटत नाहीत, त्यावर वेळ घालवू नका. ठोंब लावताना पाती वीतभर ठेवून वरच्या छाटा. रोप ओळखण्याची खूण वास: पात चुरगळली की लिंबाचा स्वच्छ वास आला पाहिजे. साबणासारखा किंवा अत्तरासारखा उग्र वास आला तर ते त्याच कुळातलं दुसरं गवत, चहाचं नव्हे. ह्याला पाच-सहा तास ऊन लागतंच. सावलीत पाती लांबतात, वास उतरतो. दोन-तीन वर्षांनी बेट मधून वाळायला लागलं की उपटून, फोडून नव्यानं लावायचं.

पुदिना लावायला सोपा, सांभाळायला अवघड. जुडीतल्या चार जाड काड्या निवडा, खालची पानं खुडा, पेर पाण्यात बुडेल अशा ग्लासात ठेवा आणि दोन दिवसांनी पाणी बदला. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसतात. त्याला खोल कुंडी नको, पसरट हवी, कारण तो आडवा धावतो. जुनं घमेलं भोकं पाडून वापरा. दुसऱ्या कुठल्याही रोपाच्या कुंडीत त्याला जागा देऊ नका, तो पाहुणा म्हणून येतो आणि घर बळकावतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी त्याची चैन. पानामागे तपकिरी-नारिंगी ठिपके दिसले तर तो तांबेरा. सगळा पुदिना मातीलगत कापून कचऱ्यात टाका, नवी फूट स्वच्छ येते.

तुळशीबद्दल एक घरगुती अडचण. वृंदावनातल्या तुळशीची पानं चहासाठी खुडायला घरात परवानगी मिळेलच असं नाही. रविवारी नको, द्वादशीला नको, दिवेलागणीनंतर तर मुळीच नको. वाद कशाला? चहाची तुळस वेगळ्या कुंडीत लावा. मंजिऱ्या आल्या की शेंड्यासकट खुडत राहा. बी धरू दिलं की झाड लाकडी होतं आणि पानं बारीक पडतात. वाण्याकडचा सब्जा पेरला तरी उगवतो. तोही तुळशीच्याच कुळातला, पानाला गोडसर वास आणि कोशिंबिरीत मजेदार.

कढीपत्त्याला घाई चालत नाही. बी पेरायचं तर झाडावरून काढलेलं काळं पिकलेलं फळ हवं. गर धुऊन काढा आणि दोन-चार दिवसांत पेरा. वाळवून ठेवलेलं बी उगवत नाही. त्यापेक्षा मोठ्या झाडाच्या मुळातून फुटलेलं पिलू खणून आणणं सोपं. पहिलं वर्ष ते नुसतं उभं असतं आणि त्या वर्षी त्याची पानं तोडायची नाहीत. सोलापुरात कढीपत्त्याचा एक आजार हमखास: कोवळं पान पिवळं, शिरा मात्र हिरव्या. माती चुनखडीची आणि पाणी जड, त्यामुळे मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. आंबट ताक घालायची जुनी रीत आहे. महिन्यातून एकदा पातळ, बिनमिठाचं ताक घालायला हरकत नाही, जास्त झालं की मुंग्या आणि वास. त्याहून खात्रीचं म्हणजे कृषी सेवा केंद्रात मिळणारं हिराकस (फेरस सल्फेट). लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम, थोडा लिंबाचा रस, संध्याकाळी पानांवर फवारा. पुढचा आठवडाभर ती पानं खायची नाहीत. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही चिकटलेलं दिसलं तर नीट बघा: ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. रोप लहान असेल तर एक अळी दोन दिवसांत ते खराटा करून ठेवते. हातानं उचला, औषध नको.

बाकीचं झटपट. कोथिंबिरीचे धणे लाटण्यानं हलके दाबून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, पेरा. आठ-बारा दिवस धीर धरा. दर पंधरवड्याला थोडे थोडे पेरलेत तर खंड पडत नाही. मार्चनंतर ती उगवत नाही किंवा लगेच फुलावर येते, तेव्हा मंडईतली घ्या. मेथी आणि शेपू थंडीत, काही न करता येतात. लसणाच्या पाकळ्या दिवाळीच्या आसपास टोक वर ठेवून खोचल्या की महिन्याभरात पात मिळते. आल्याचा डोळे फुटलेला तुकडा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सावलीत लावा. गड्डा मिळायला आठ-नऊ महिने लागतात, पण त्याची पानंही चहात टाकता येतात आणि लोकांना हे माहीत नसतं.

खुडायचं कसं

नवख्यांचा हात इथे आखडतो. रोप छान वाढलंय, तोडवत नाही. पण ही झाडं कापल्यानंच भरतात. पुदिना, तुळस, पानओवा यांची सुटी पानं ओरबाडू नका, पानांच्या जोडीच्या वर शेंडा खुडा. तिथून दोन फांद्या फुटतात. कढीपत्त्याची पूर्ण काडी तोडा. गवती चहा जमिनीपासून चार बोटं वर कात्रीनं कापा. पातीच्या कडेनं बोट चिरतं, म्हणून हातानं ओढू नका. एका वेळी झाडाचा तिसरा हिस्साच घ्यायचा. फवारणी केली असेल तर तारीख कुंडीवर खडूनं लिहून ठेवा.

चहा

क्रम चुकला की चव जाते. दोन कपांसाठी गवती चहाच्या तीन-चार पाती गाठ मारून थंड पाण्यातच टाका आणि पाण्यासोबत उकळू द्या. त्यातला लिंबाचा वास काढायला उकळी लागते. आलं ठेचून याच टप्प्यावर घाला. कच्चं आलं थेट दुधात पडलं की दूध फाटण्याची भीती असते, कारण ताज्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं पाचकद्रव्य असतं. पाण्यात चांगलं उकळलं की ते निकामी होतं. मग चहा पावडर, मग साखर, मग दूध. तुळस आणि पुदिना सगळ्यात शेवटी: गॅस बंद करा, पानं हातानं तोडून टाका, दोन मिनिटं झाकण. पुदिना उकळला की त्याचा गारवा वाफेबरोबर निघून जातो आणि पालेभाजीचा वास मागे राहतो. पुदिना आणि दूध मला स्वतःला पटत नाही. तो काळ्या चहात, लिंबू पिळून.

सर्दीला ओव्याचं एक पान, तुळशीची पाच-सहा, थोडं आलं आणि गूळ असा काढा घरोघरी होतो. घशाला आराम पडतो, तेवढंच त्याचं काम. गरोदर बायकांनी आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी रोजचा काढा डॉक्टरांना विचारून घ्यावा.

स्वयंपाकात

ओव्याच्या पानांची भजी पावसाळी संध्याकाळी करा. अख्खं पान, डाळीच्या पिठात थोडं तांदळाचं पीठ, ओवा मात्र घालू नका, पानात वास पुरेसा आहे. पुदिना-कोथिंबिरीची हिरवी चटणी दह्यात कालवून कडक भाकरीशी खाऊन बघा. शेंगाचटणी तिच्या जागी राहू द्या, तिच्यात ही पानं मिसळू नका.

कढीपत्ता ताटाच्या कडेला काढून ठेवला जातो, त्यावरचा उपाय आपल्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आहे: करिवेपाकु पोडी, म्हणजे कढीपत्त्याची कोरडी चटणी. पानं धुऊन सावलीत कोरडी करा, थोड्या तेलात कुरकुरीत परता. हरभऱ्याची आणि उडदाची डाळ, सुक्या मिरच्या, जिरे वेगळे भाजा, लसूण, चिंचेचं बुटुक आणि मीठ घालून सगळं जाडसर दळा. गरम भात, वर तूप आणि ही पोडी. छाटणीनंतर एकदम निघालेल्या पानांचं याहून चांगलं काही होत नाही.

वाळवणाला आपली कोरडी हवा देणगीच आहे. फेब्रुवारीत गवती चहा आणि पुदिना कापून धुवा आणि घरात पंख्याखाली सुती कापडावर पसरा. उन्हात वाळवलं तर रंग आणि वास दोन्ही उडतात. पान बोटांत चुरचुरलं की काचेच्या बरणीत, अंधाऱ्या फडताळात.

मार्च ते जून

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, ऊन तापायच्या आधी, पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट बांधा. नेट नसेल तर जुनी सुती साडी दोरीवर ताणली तरी चालते. ती झाडांच्या निदान दोन हात वर हवी, नाहीतर खाली हवा कोंडते. सगळ्या कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा आणि नाजूक मधे, दणकट कडेला. पुदिन्याचं घमेलं न्हाणीघराच्या किंवा माठाच्या शेजारी हलवा. या चार महिन्यांत खत नाही, छाटणी नाही, नवी लागवड नाही. फक्त आल्याचा तेवढा तुकडा. पानामागे बारीक जाळी आणि वर फिकट ठिपके दिसले तर तो लाल कोळी. कोरड्या उष्णतेत तो फार वाढतो. सकाळी पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा तीन-चार दिवस सलग मारा. पांढऱ्या कापसासारख्या दिसणाऱ्या पिठ्या ढेकणासाठी लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब भांड्याचा साबण, तेही सूर्य मावळल्यावर.

पाऊस सुरू झाला म्हणून शेडनेट एका दिवसात काढू नका. जूनमध्ये ढग सरकले की ऊन पुन्हा मेसारखं पोळतं. आधी आठवडाभर फक्त संध्याकाळी गुंडाळून ठेवा, दोन-तीन चांगल्या सरी पडल्या की पूर्ण काढा आणि मग प्रत्येक कुंडीत दोन मुठी शेणखत. वरून वाळून गेलेला पुदिना लगेच फेकू नका. घमेल्यात आठ-दहा दिवस पाणी देत राहा, खालच्या मुळ्या जिवंत असतील तर फूट तेव्हाच दिसते.